जुनी डिझेल गाडी: दुरुस्त करावी की सोडावी?



मुदत ठेव, वारसनोंद आणि ओटीपी कुणाला सांगू नका, या तीन विषयांवर मी याआधी तुमच्यापुढे बोललो आहे. या वेळी सचिवांनी बजावले, "साहेब, जरा वेगळे काहीतरी." म्हणून गाडीचा विषय घेतला. बँकेचा माणूस गाडीवर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण गेल्या वर्षभरात आमच्या शाखेत ठेव मोडायला आलेल्या कितीतरी लोकांनी कारण म्हणून गाडीच सांगितली. आणि दिल्लीच्या आसपास जुनी डिझेल गाडी हा नुसता गॅरेजचा प्रश्न राहिलेला नाही. त्यात कोर्ट आहे, हवा आहे, आरटीओ आहे, आणि शेवटी तुमची ठेव आहे.

एका खातेदार काकांची गोष्ट त्यांची परवानगी घेऊन सांगतो. नाव सांगत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, राहायला वैशालीला. गेल्या नोव्हेंबरात ते पाच लाखांच्या ठेवीची पावती घेऊन आले आणि म्हणाले, "मोडून टाका." मी विचारले, "काका, काही अडचण?" त्यांनी खिशातून गॅरेजचा कागद काढून टेबलावर ठेवला. बेरीज ९२,००० रुपये. गाडी मार्च २०१३ची, डिझेल, १२४८ सीसी, गाझियाबादचा नंबर, १,१२,००० किलोमीटर चाललेली. क्लच १८,०००, टायमिंग चेनचा सेट २२,०००, दोन इंजेक्टर १६,०००, पुढचे सस्पेन्शन २०,०००, एसीचा कॉम्प्रेसर १६,०००. काकूंचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते, सकाळी साडेपाचला घरातून निघावे लागते. गाडी बंद पडली तर काय, या भीतीने काका रात्री झोपत नव्हते.

अशा वेळी "काका, गाडी विका" म्हणणे फार सोपे असते. मी तसे म्हटले नाही. चहा मागवला आणि आम्ही कागदावर हिशेब मांडायला बसलो. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. आकडे त्यांच्या गाडीचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

पण हिशेबाच्याही आधी एक गोष्ट पाहावी लागते: गाडी रस्त्यावर चालवता येणार आहे का, आणि किती दिवस? पुण्यात किंवा नागपुरात हा प्रश्न इतका पुढे येत नाही. इथे तोच पहिला.

थोडा इतिहास सांगतो, कारण अर्धवट माहितीने लोक घाबरलेही आहेत आणि निष्काळजीही झाले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने ७ एप्रिल २०१५ रोजी आदेश दिला की दिल्ली आणि एनसीआरमध्ये दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल गाडी चालवायची नाही. पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षे. २९ ऑक्टोबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी कायम केली. आता गंमत अशी की आरसीवर मुदत पंधरा वर्षांचीच छापलेली असते. लोक आरसी दाखवतात आणि म्हणतात, "हे पाहा, २०२८ पर्यंत आहे." देशाच्या कायद्याने आहे. एनसीआरमध्ये मात्र दहाव्या वर्षीच आदेश आडवा येतो.

कागदावर हा नियम बराच काळ होता, अंमल मात्र कमी-जास्त होत राहिला. मग २०२५ साल उजाडले. हवेची जबाबदारी असलेल्या केंद्रीय आयोगाने एप्रिलमध्ये आदेश काढला की १ जुलैपासून अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधन द्यायचे नाही. पंपांवर नंबर वाचणारे कॅमेरे बसले. दोन-चार दिवसांत इतका गोंधळ झाला की ८ जुलैला ते पुढे ढकलले गेले. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ वय झाले म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि गॅरेजवाल्यांकडे रांगा लागल्या. मग १७ डिसेंबरला न्यायालयाने तोच आदेश आवळला: संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना. बीएस-३ आणि त्याखालच्यांवर कारवाईची मोकळीक.

म्हणजे आज, जानेवारी २०२६ मध्ये, तुमच्या गाडीचे वय जितके महत्त्वाचे, तितकाच तिचा बीएस क्रमांक. एनसीआरमध्ये बीएस-४ लागू झाले १ एप्रिल २०१० पासून, त्यामुळे इथे घेतलेली २०१३ची गाडी बीएस-४च असणार. पण आपल्यापैकी करोल बागेतल्या, कूचा महाजनीतल्या गलाईवाल्या बांधवांनी कान टवकारून ऐकावे. तुमच्यातल्या पुष्कळांच्या गाड्या गावाकडून आलेल्या आहेत, नंबर एमएच-१०. विटा, आटपाडी, खानापूरच्या पत्त्यावर नोंद. मुंबई, पुणे, सोलापूर ही शहरे दिल्लीबरोबर २०१० सालीच बीएस-४मध्ये गेली. देशाच्या उरलेल्या बऱ्याच भागांत ते १ एप्रिल २०१७ला आले. तेव्हा सांगलीत २०१४ साली घेतलेली गाडी बीएस-३ असू शकते. तिच्यावर आज एक लाख खर्च करणे म्हणजे भिंत पडायला आली असताना तिला रंग देणे आहे. आरसी पाहा, किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून पाहा. तिथे उत्सर्जनाचा निकष लिहिलेला असतो. पाच मिनिटांचे काम आहे. ते होईपर्यंत गॅरेजवाल्याला "काम सुरू कर" म्हणू नका.

आणि बीएस-४ आहे म्हणजे सगळे मोकळे, असेही नाही. हिवाळ्यात हवा बिघडली की ग्रॅपचे टप्पे लागतात. तिसरा टप्पा लागला की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरमध्ये बीएस-४ डिझेल मोटारींना बंदी. दिव्यांग व्यक्तींच्या स्वतःच्या वापराच्या गाडीला सूट आहे, बाकीच्यांना नाही. पकडले तर दंड २०,००० रुपये. या हिवाळ्यात ११ नोव्हेंबरला तिसरा टप्पा लागला, २६ला उठला, १३ डिसेंबरला पुन्हा लागला. आता काकांच्या बाजूने विचार करा. डायलिसिसला सुट्टी नसते. ९२,००० घालून गाडी नवीकोरी केली, तरी ज्या दिवसांत बाहेरची हवा सर्वांत वाईट आणि काकूंना धाप सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवसांत ती गाडी खाली उभी राहणार. त्या दिवसांसाठी टॅक्सीची सोय लावावीच लागणार. हे काकांच्या लक्षातच आले नव्हते. खरे सांगायचे तर ते बोलेपर्यंत माझ्याही नव्हते.

आता हिशेब.

आपण सगळे एक चूक करतो. दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत शेजारी शेजारी ठेवतो. "गाडी सत्तर हजारांची आणि दुरुस्ती ब्याण्णव हजारांची? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" म्हण चांगली आहे, पण इथे ती अर्धीच लागू पडते. कारण गाडी आपण विकायला ठेवलेली नाही, वापरायला ठेवली आहे. सत्तर हजारांच्या गाडीवर ब्याण्णव हजार घालून ती पाच वर्षे बिनघोर चालली, तर तो सौदा वाईट नाही. नवीन गाडी पहिल्या पाच वर्षांत घसाऱ्यातच त्याच्या कितीतरी पट खाते. विमा कंपन्यांचा तक्ता पाहा: गाडीच्या विम्याचे मूल्य पाच वर्षांत निम्म्यावर येते. आठ लाखांच्या गाडीवर चार लाख गेले. त्यामुळे प्रश्न असा विचारायचा: हे पैसे घातल्यावर मला किती महिने वापर मिळणार, आणि दर महिन्याला तो कितीला पडणार?

दुसरी चूक मागे पाहण्याची. काका म्हणाले, "अहो, मागच्याच वर्षी चार टायर टाकले, बॅटरी टाकली. तीस हजार घातलेत. आता सोडून कशी देऊ?" एम.कॉम.ला आम्हाला याला बुडीत खर्च म्हणायला शिकवले होते. ते तीस हजार दोन्ही वाटांवर गेलेलेच आहेत. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. फार तर नवे टायर पाहून घेणारा दोन-तीन हजार वाढवून देईल. तेवढीच त्यांची आजची किंमत. सांगायला हे सोपे आहे. स्वतःची वेळ आली की जड जाते, मी पाहिले आहे.

काकांची गाडी आहे त्या अवस्थेत न्यायला एक माणूस ७०,००० द्यायला तयार होता. अधिकृत स्क्रॅप केंद्राने सांगितलेली किंमत होती ३२,०००. समजा सगळी दुरुस्ती केली आणि दोन वर्षे वापरून शेवटी स्क्रॅपला दिली. तर दुरुस्तीचे ९२,००० गेले, आणि आज हातात येणारे ७०,००० सोडून पुढे ३२,०००च मिळाले, म्हणजे आणखी ३८,००० गेले. हा दुसरा आकडा लोक धरतच नाहीत. एकूण १,३०,०००. चोवीस महिन्यांनी भागा: महिन्याला सुमारे ५,४२०. त्यात विमा, पीयूसी, नेहमीचे ऑइल-फिल्टर हे वर्षाला साधारण १३,८००, म्हणजे महिन्याला ११५०. काकांचा वापर महिन्याला ४०० किलोमीटर, शहरात सरासरी १६ची, म्हणजे २५ लिटर. दिल्लीतला भाव ८७.६७ धरला तर २,१९०. सगळे मिळून महिन्याला ८,७६० रुपये.

तेच ४०० किलोमीटर टॅक्सीने, १८ रुपये किलोमीटरने: ७,२००.

काका बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पण टॅक्सी सकाळी साडेपाचला येते का?" हा प्रश्न हिशेबाबाहेरचा आहे आणि तो योग्य आहे. त्याकडे परत येतो.

आधी दोन गोष्टी. एक, ही दोन वर्षे मी धरलेली आहेत. कोर्टाचा आदेश सहा महिन्यांत पुन्हा बदलला आणि गाडी चालवता येईनाशी झाली, तर १,३०,००० भागिले सहा म्हणजे महिन्याला २१,६००च्या वर. ज्या खर्चाची वसुली दोन-तीन वर्षांत व्हायची, त्याच्यासाठी इथे पायाखालची जमीन तेवढी घट्ट नाही. म्हणून माझा स्वतःचा ठोकताळा असा की एनसीआरमधल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर जो पैसा एका वर्षात वसूल होत नाही, तो घालताना दहादा विचार करावा. हा बँकेचा नियम नाही, माझे मत आहे.

दोन, वापर जास्त असेल तर निकाल उलटतो. तीच गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालत असती, तर टॅक्सीचे १८,००० झाले असते आणि स्वतःच्या गाडीचे साधारण १२,०००. म्हणजे ज्याची गाडी रोज धावते त्याला दुरुस्ती परवडते, ज्याची सोसायटीच्या आवारात पाने गोळा करत उभी असते त्याला नाही. आपल्या मंडळात दुसऱ्या जातीच्या गाड्या जास्त आहेत, असा माझा अंदाज आहे.

गॅरेजच्या कागदाबद्दलही सांगतो. इस्टिमेटमधली पाचही कामे एकाच वजनाची नसतात. पुढचे सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग ही जिवाची कामे. गाडी चालवायची असेल तर तिथे घासाघीस नाही. टायमिंग चेन ही इंजिनाच्या जिवाची: चेन सुटली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि बावीस हजारांचे काम अख्ख्या इंजिनावर जाते. क्लच घसरायला लागला असेल तर तो फार दिवस थांबत नाही. इंजेक्टरच्या बाबतीत मात्र लगेच मान डोलावू नका. धूर किंवा धक्के दिसले की "इंजेक्टर गेले" म्हणायची सवय असते. डिझेलच्या कामात मुरलेल्या माणसाकडून त्यांची रिटर्न टेस्ट करून घ्या. चारांपैकी कोणता किती डिझेल परत टाकतो, ते बाटल्यांमध्ये डोळ्यांनी दिसते. काकांनी दुसरीकडे केली, तर एकच इंजेक्टर दोषी निघाला. आठ हजार तिथेच वाचले असते. एसी ही सोय आहे, पण दिल्लीच्या जूनमध्ये डायलिसिस करून परतणाऱ्या बाईला ती सोय आहे असे मी म्हणणार नाही.

दुरुस्ती करायचीच असेल तर पक्के बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आहे. जुन्या छापील भावाने कोणी आकारणी करत असेल तर विचारा. कश्मीरी गेटच्या बाजारात जाऊन भाग स्वतः आणणारेही आपल्यात आहेत. त्यात पैसे वाचतात, पण मग बसवणारा गॅरेजवाला कामाची हमी घेत नाही. आणि झिजेने बिघडलेल्या इंजिनाचा, क्लचचा खर्च विमा देत नाही, हेही ध्यानात ठेवा. दरवर्षी कुणीतरी विचारतेच.

बरे, पैसे कुठून आणायचे? इथे मी माझ्या खुर्चीवर येतो. काकांची ठेव पाच लाखांची, तीन वर्षांची, दर साडेसात टक्के, दोन वर्षे झालेली. ती मोडली की बँक साडेसात देत नाही. जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा त्या वेळचा दर धरते, आणि त्यातून दंड कापते. समजा दोन वर्षांचा दर ७.३ होता आणि दंड एक टक्का, तर हातात ६.३. दोन वर्षांच्या व्याजात साडेतेरा हजारांच्या आसपास फटका. ९२,००० हवेत म्हणून पाच लाखांवर नुकसान! त्यापेक्षा ठेवीवर कर्ज घ्या. बहुतेक बँका ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त घेतात, ओव्हरड्राफ्ट असेल तर जेवढे वापरले तेवढ्यावरच व्याज. ठेव आपली वाढत राहते. वैयक्तिक कर्ज काढले तर? १३ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी, ९२,०००वर हप्ता सुमारे ४,३७४ आणि एकूण व्याज तेरा हजारांच्या जवळपास. म्हणजे दुरुस्ती ९२,०००ची नव्हे, १,०५,०००ची झाली. आणि गाडी बंद झाली तरी हप्ता बंद होत नाही. ज्या वस्तूचे आयुष्य कोर्टाच्या तारखेवर आहे तिच्यासाठी दोन वर्षांचे कर्ज काढू नका, एवढे मी काउंटरच्या या बाजूला बसूनही सांगतो.

आणखी एक. एकच मोठी ठेव ठेवण्याऐवजी लाख-लाखाच्या पाच ठेवी ठेवल्या असत्या, तर एकच मोडावी लागली असती. पण ते पुढच्या वेळचे.

आता सोडायची वाट. इथे लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा वेळ घेतो.

तीन मार्ग आहेत. एनसीआरबाहेरच्या माणसाला विकणे, गावाकडे नेणे, किंवा स्क्रॅप करणे. तिन्हींच्या दारात एकच कुलूप असते आणि त्याची किल्ली बऱ्याचदा आमच्या बँकांकडे असते. गाडी कर्जावर घेतलेली असते, कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. काकांचे कर्ज २०१८मध्ये फिटले होते. बँकेने दिलेला ना-हरकत दाखला कपाटात होता, आरटीओपर्यंत गेलाच नव्हता. असे दाखले बहुधा तीन महिन्यांच्या मुदतीचे असतात. नवा दाखला काढा, फॉर्म ३५ भरा, बोजा उतरवा. काकांचे यात तीन आठवडे गेले. तुमच्यापैकी ज्यांची गाडी अजून धडधाकट आहे त्यांनीही आज घरी जाऊन आरसीवर बँकेचे नाव आहे का ते पाहा.

विकायची असेल तर मूळ आरटीओकडून दुसऱ्या जिल्ह्यासाठी ना-हरकत घ्यावी लागते, फॉर्म २८. एखादा दलाल म्हणेल, "साहेब, ती भानगड कशाला, सेल लेटरवर सही करा, गाडी नेतो, कागद मागाहून होतील." सही करू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. तुमची गाडी कुठल्यातरी गावात कुणीतरी ठोकणार आणि नोटीस वैशालीला येणार. आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचे ऑनलाइन दिसेपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नका. पाच-दहा हजार तोपर्यंत राखून ठेवता आले तर उत्तम.

गावाकडे नेण्याचा मोह आपल्या लोकांना फार. "विट्याला ठेवू, सणासुदीला गेलो की वापरू." त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथे नवी नोंदणी करावी लागते, तिथला रस्ता कर भरावा लागतो, आणि पंधरा वर्षे झाली की फेरनोंदणीचे ५,००० रुपये. वर वर्षातून वीस दिवस वापरायची गाडी अकरा महिने उभी राहिली तर बॅटरी जाते, डिझेल खराब होते, उंदीर वायरी खातात. हा सगळा खर्च धरून गावी गेल्यावर भाड्याची जीप स्वस्त पडते का, ते आधी बघा. आई-वडील तिथे असतील आणि त्यांना रोज गाडी लागत असेल, तर मात्र जरूर न्या.

स्क्रॅपला द्यायची तर नोंदणीकृत केंद्रातच. नोएडात, ग्रेटर नोएडात अशी केंद्रे आहेत. तिथे गाडी दिल्याचे प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. नेमकी किती, ते तुमचे राज्य ठरवते. नवी गाडी घ्यायची नसेल तर ते प्रमाणपत्र विकताही येते. गल्लीतला भंगारवाला कदाचित चार हजार जास्त देईल, पण तो आरसी रद्द करून देणार नाही, आणि तुमच्या नंबरची पाटी पुढे कुठल्या गाडीवर लागेल कुणास ठाऊक.

सगळेच सोडा म्हणतोय असे नाही. आपल्याच ओळखीचे एक गलाईवाले कुटुंब आहे, करोल बागेतले. सात आसनी डिझेल, २०१५ची, दिल्लीचाच नंबर, बीएस-४. दुकानातला माल नव्हे, माणसे ने-आण करायला रोज चालते, वर्षातून दोनदा आटपाडीला जाते. महिन्याची सरासरी पंधराशे किलोमीटर. त्यांना ६४,०००चे काम निघाले. आम्ही हाच हिशेब केला आणि त्यांनी काम करून घेतले. तेवढ्या माणसांची तेवढी वाट टॅक्सीने जायची तर सहा-सात महिन्यांतच ते पैसे गेले असते. ग्रॅपच्या दिवसांत ते मेट्रोने दुकानात जातात. त्यांनी बोजाही आधीच उतरवून ठेवला आहे आणि गावच्या आरटीओत कर किती पडेल तेही विचारून ठेवले आहे, म्हणजे नियम बदलला तर गाडी महिन्याभरात बाहेर काढता येईल.

काकांनी मात्र विकली. ७०,०००चे बोलणे होते, सौदा ६६,०००वर तुटला, कारण तोपर्यंत डिसेंबर उजाडला होता आणि घेणाऱ्यालाही वारे कळत होते. ठेव मोडली नाही. ते ६६,००० आम्ही वेगळ्या बचत खात्यात टाकले. गाडीवर जे महिन्याला डिझेल, विमा, सर्व्हिसचे ३,३४० जात होते, तेही दर महिन्याला त्याच खात्यात वळवले. टॅक्सीचे ७,२०० त्यातून जातात. वरचे ३,८६० त्या ६६,०००मधून. सतरा महिने पुरतील असा हिशेब आहे. त्यानंतर काय, ते तेव्हा पाहू, असे काका म्हणाले.

आणि सकाळी साडेपाचचे? अ‍ॅपवरच्या टॅक्सीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि धुक्यातल्या दिल्लीत तो नसणेच बरे. त्यांच्याच सोसायटीच्या फाटकाबाहेर एक सीएनजीवाला उभा असतो. त्याच्याशी सोमवार, बुधवार, शुक्रवारचे महिन्याचे बोलणे केले. पहिल्या आठवड्यात तो एकदा पंचवीस मिनिटे उशिरा आला. काकांनी त्याला रागावण्याऐवजी आदल्या रात्री फोन करायची सवय लावून घेतली. थंडीचा तिसरा टप्पा पुन्हा लागला तेव्हा सोसायटीतल्या बऱ्याच डिझेल गाड्या खाली उभ्या होत्या आणि काकू वेळेवर पोचल्या.

आता तुमचे प्रश्न घेतो. ज्यांनी गॅरेजचे कागद सोबत आणले आहेत त्यांनी पुढच्या खुर्च्यांवर या. आरसीची झेरॉक्स नसेल तर मोबाइलवरचा फोटोही चालेल, बीएस कोणते आहे ते आधी पाहू.